महिन्याला आठशे मेल, बिल दहा हजार मेलचं

प्रति,
दरपत्रक ठरवणारी मंडळी,
एकगठ्ठा ईमेल पाठवून देणाऱ्या सर्व कंपन्या, देशी आणि परदेशी



तुमच्यातल्या एका कंपनीची मेल मला अलीकडे आली. 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो' अशी सुरुवात होती, त्यामुळे दर वाढलेत हे पुढचं वाचायच्या आतच समजलं. जेवढ्या मेल जातील तेवढ्याचेच पैसे, ही जुनी योजना बंद झाली होती. नव्या योजनांमधली सगळ्यांत लहान योजना महिन्याला दहा हजार मेलची, १५ डॉलरची. मी महिन्याला आठशेच्या आसपास मेल पाठवते. उरलेल्या नऊ हजार दोनशेंचं काय करायचं, हे त्या आनंदाच्या पत्रात नव्हतं. महिना संपला की त्या आपोआप रद्द होतात, एवढं मात्र खाली बारीक अक्षरात होतं.

कंपनीचं नाव मी घेत नाही. ते खोडून तुमच्यातलं दुसरं कुठलंही घातलं तरी या पत्राचा मजकूर फारसा बदलावा लागणार नाही. माझं भांडण एका कंपनीशी नाहीच. ते आहे तुम्ही जे माप वापरता त्याच्याशी.

मी सांगलीहून नाटकावरचं एक मासिक पत्र काढते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' याच गावात केलं, त्यामुळे इथे नाटकाविषयी बोलणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता; लिहून ठेवणाऱ्यांचा होता. गावोगावच्या हौशी संस्था, राज्य नाट्यस्पर्धेची केंद्रं, बंद पडलेली थिएटरं, पडदे रंगवणारे, ऑर्गन वाजवणारे, अशा कुणाकुणाविषयी दर महिन्याला एक लांब लेख आणि चार छोट्या नोंदी. जाहिरात नाही, वर्गणी नाही. वाचक मिरज-कोल्हापूर-पुण्यापासून बंगळुरू आणि न्यू जर्सीपर्यंत. बरेचसे निवृत्त. ते मेल शेवटपर्यंत वाचतात आणि खालचं 'रिप्लाय' दाबून उत्तरही लिहितात. कधी माझी चूक दाखवायला, कधी ट्रंकेत सापडलेलं एखादं जुनं हँडबिल स्कॅन करून जोडायला. व्हॉट्सॲपवर हे होत नाही. तिथे अंगठा येतो, आणि दुसऱ्या दिवशी सुप्रभातच्या फुलांखाली सगळं गडप.

साइट माझी स्वतःची आहे. महिन्याला साधारण पाचशे रुपयांचा लहानसा सर्व्हर भाड्याने घेतलाय. साइट त्यावर चालते आणि वाचकांची यादीही तिथेच असते. यादी सांभाळायला आणि अंक रवाना करायला लिस्टमंक आहे. झिरोधाचे तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २०१९ पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे, आणि लाखो पत्त्यांची यादी ते न कुरकुरता पेलतं. तेव्हा लेख माझे, साइट माझी, यादी माझी. अंक वाचकाच्या इनबॉक्सपर्यंत नेण्याचा शेवटचा टप्पा तेवढा तुमच्या हातात.

आता त्या टप्प्याचा हिशेब. डॉलर ८७ रुपये धरला तर १५ डॉलरचे १,३०५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३५. माझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या बाईला तो परत कुठून मिळायचाही नाही. कार्डाची बँक परकीय चलनातल्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास लावते आणि त्या लावलेल्या रकमेवर पुन्हा जीएसटी. सगळं मिळून सोळाशेच्या घरात. आठशे मेलना सोळाशे रुपये, म्हणजे मेलमागे दोन. सर्व्हरच्या भाड्याच्या तिप्पट. याच योजनेत दहा हजारांचा कोटा पूर्ण वापरणाऱ्याला एक मेल १६ पैशांना पडते.

घाऊक आणि किरकोळ यांतला फरक मला समजतो, मी हळदीच्या बाजारपेठेच्या गावात राहते. पोतं उचलणाऱ्याचा भाव आणि पावशेर घेणाऱ्याचा भाव कधीच एक नसतो. पण पावशेर मागणाऱ्याकडून पोत्याचे पैसे घेऊन उरलेली हळद महिनाअखेर गटारात ओतणारा दुकानदार मी अजून इथे पाहिलेला नाही.

मेल पाठवण्याचा प्रत्यक्ष खर्च किती, हेही काही गुपित नाही. ॲमेझॉनच्या सेवेचा जाहीर दर कित्येक वर्षं हजार मेलना १० सेंट आहे. त्या दराने माझ्या आठशे मेलचे आठ सेंट होतात. सात रुपये. ॲमेझॉन ही काही धर्मादाय संस्था नव्हे. त्या सात रुपयांतही तिला चार पैसे सुटत असणार.

मग तिकडेच जा की, असं तुम्ही म्हणाल. जाता येतं, जाणारे जातात. पण ते दार प्रोग्रॅमरसाठी केलेलं आहे. नवं खातं आधी बंदिस्त असतं: २४ तासांत २०० मेल, त्याही फक्त आधी पडताळून घेतलेल्या पत्त्यांवर. त्यातून बाहेर पडायला अर्ज करायचा. कशासाठी पाठवता, पत्ते कुठून आणले, मेल परत आल्या किंवा तक्रारी झाल्या तर काय कराल, हे लिहून द्यायचं. इथपर्यंत ठीक, किंबहुना योग्यच. त्यापुढे मात्र परत आलेल्या मेलची खबर मिळवायला वेगळी सेवा जोडा, परवानग्या वेगळ्या पानावर द्या, बिल तिसऱ्याच पानावर शोधा. नाटकवाल्या बाईने हे शिकावं, ही अपेक्षा वावगी नाही. पण ते शिकायचं नसेल तर सोळाशे रुपये मोजायचे, एवढेच दोन मार्ग असावेत? सात आणि सोळाशे यांच्या मध्ये पन्नास आहे, शंभर आहे, दीडशे आहे. यातला एकही आकडा तुमच्या बैठकीत कुणाला सुचला नाही?

'सर्व्हर तुमचा आहे ना, मग मेलही तिथूनच पाठवा,' असा सल्ला तरुण मंडळी देतात. तत्त्वतः बरोबर आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेलच्या देवाणघेवाणीचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम लिहिले तेव्हा कुठल्याही संगणकाने कुठल्याही संगणकाला मेल द्यावी हीच कल्पना होती. पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव खरं की खोटं, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. ओळखीपाळखीच्या लोकांचं जाळं होतं, गरज वाटली नाही. वाटायला हवी होती. चारच वर्षं आधी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली होती. लोकांनी शिव्या घातल्या. थर्क मात्र पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले की माल खपला. तुमच्या धंद्याचा जन्म मी त्या दिवसापासून धरते, आणि त्या धंद्यावर पहारा ठेवणाऱ्यांच्या धंद्याचाही.

पुढे एकेक कुलूप बसत गेलं. अमुक डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकते याची यादी म्हणजे एसपीएफ. मेलवर डोमेनची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. दोन्हींपैकी काहीच जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने सगळ्यांना यांतलं थोडंफार आणि मोठ्या संख्येने (गूगलच्या मापाने दिवसाला पाच हजारांहून जास्त) मेल धाडणाऱ्यांना सगळंच सक्तीचं केलं, वर एका क्लिकमध्ये नाव कमी करायची सोयही. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये तोच कित्ता गिरवला. माझ्याकडे हे सगळं केलेलं आहे. डोमेनच्या पानावर त्या लांबलचक अक्षरमाळा चिकटवायला एक संध्याकाळ पुरते, आणि पैसा एक लागत नाही.

पण कागदपत्रं पूर्ण आहेत म्हणून काम झालं, असं सरकारी कचेरीत होत नाही, तसं इथेही होत नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी मेल बाहेर जाण्याचं २५ नंबरचं पोर्ट मुळातच बंद ठेवलेलं असतं. विनंत्या करून ते उघडून घ्यावं, तर आपल्या वाट्याला आलेला आयपी पत्ता आधी कुणाकडे होता आणि त्याने काय उद्योग केले होते, ते कळू लागतं. मी करून पाहिलं, तर माझा पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या याद्यांत सापडला. त्यातल्या एका यादीत तर मी एकटी नव्हते, माझ्या सर्व्हरवाल्याचे अख्खे पट्टेच्या पट्टे होते, आणि नाव लवकर काढून हवं असल्यास पैसे भरण्याची तिथे व्यवस्था होती. शेवटी मेल निघाल्या. एका बड्या कंपनीने त्या निमूट घेतल्या आणि स्पॅममध्ये टाकल्या. दुसरीने ५५० हा नकाराचा आकडा लावून दारातूनच परत पाठवल्या.

त्या काळात मिरजेच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. "अंक काढायचा थांबवलात की काय बाई?" म्हटलं, सर, स्पॅममध्ये बघा. "ते कुठं असतं?" मग फोनवरून आमचा प्रवास सुरू झाला: वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघा दिसतायत का, त्या दाबा, आता खाली सरकवा, आणखी खाली. सापडलं. माझे अंक, त्यांच्या विजेच्या बिलाची मेल आणि परदेशातल्या लॉटरीची दोन बक्षिसं, एकाखाली एक. मास्तरांनी आधी विजेचं बिल उघडलं. बरोबरच आहे, त्याला शेवटची तारीख होती.

स्वतः पाठवण्याचा नाद मी तेव्हा सोडला, आणि तुम्ही नेमकं काय विकता तेही पुरतं कळलं. तुम्ही पत विकता. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या आयपी पत्त्यांची पत, मोठ्या मेलकंपन्यांत तुमच्या शब्दाला असलेली किंमत, गैरवापर करणाऱ्या खातेदारांना हुडकून हाकलणारी माणसं. याला खर्च येतो हे मी नाकारत नाही आणि त्याचे पैसे द्यायला नाहीही म्हणत नाही. पण ती पत माझ्या वाट्याला किती येते, तेही बघू.

लहान योजनेत स्वतंत्र आयपी पत्ता नसतो. वेगळे पैसे भरले तर मिळतो, ॲमेझॉनकडे महिन्याला २४.९५ डॉलरला. पण घेऊन उपयोग शून्य, कारण महिन्यातून एकदा आठशे मेल धाडणाऱ्या पत्त्याची पत कधी तयारच होत नाही. त्यासाठी मेल सतत, मोठ्या संख्येने आणि हळूहळू वाढवत जाव्या लागतात. म्हणजे मी राहणार सामाईक पत्त्यावर, अनोळखी खातेदारांच्या गर्दीत. त्यांतल्या एकाने कुठूनतरी विकत आणलेल्या यादीला सवलतीच्या चपलांची जाहिरात धाडली की माझा नाट्यसंगीतावरचा लेखही त्याच्याबरोबर संशयित ठरतो.

दुसरी गोष्ट. गूगल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा. आठशेंचे ०.३ टक्के म्हणजे अडीच माणसंसुद्धा भरत नाहीत. तिसऱ्या वाचकाचं बोट चुकून भलत्या बटणावर पडलं की मी रेषेपलीकडे गेले. बरं, मी रेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघावं, तर त्यासाठी असलेल्या गूगलच्या पोस्टमास्टर टूल्सच्या पानावर माझ्या नावापुढे काहीच नसतं. मेलची संख्या फार कमी असली की तिथे आकडे दिसत नाहीत. नियम मला लागू आहे, निकाल मात्र मला दाखवण्याइतकी मी मोठी नाही. हा दोष तुमचा नाही, हे कबूल. पण यातून मला सोडवण्याचेच तर तुम्ही पैसे घेता.

तर मेलमागे सर्वांत जास्त पैसे लहान खातेदार देतो आणि पत सर्वांत कमी त्याला मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: किमान दर ठेवला नाही तर फसवणारे आत शिरतात. फुकट योजनांपुरतं ते खरंही आहे. पण स्पॅमवाल्याला १५ डॉलर कसले अडवतात? तो चोरीच्या कार्डाने भरतो, एका रात्रीत दहा हजारांचा कोटा संपवतो, आणि तुम्ही खातं बंद करेपर्यंत पुढचं उघडून बसलेला असतो. तुमच्या सर्वांत लहान योजनेचा पुरेपूर मोबदला वसूल करणारा खातेदार जर कुणी असेल तर तो हा. त्याला मेल १६ पैशांना पडते आणि मला दोन रुपयांना.

अडवायचंच असेल तर अनामत घ्या. हजार घ्या, दोन हजार घ्या. वर्षभर तक्रारी आल्या नाहीत, परत येणाऱ्या मेलचं प्रमाण ठीक राहिलं, तर ती परत करा; नाहीतर जप्त करा. चोरीच्या कार्डवाल्याला वर्षभर थांबायला सवड नसते. मला आहे. आमच्याकडे गॅसच्या सिलिंडरपासून वाचनालयाच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे अनामत ठेवायची सवय आहे, कुणाला त्यात अपमान वाटत नाही.

दर असे का झाले याचा अंदाज बाहेरून बांधायला फार हुशारी लागत नाही. २०१९ मध्ये ट्विलिओने सेंडग्रिड घेतली. २०२१ मध्ये इंट्युइटने सुमारे १२ अब्ज डॉलर मोजून मेलचिंप घेतली, स्वीडनच्या सिंचने मेलगन आणि मेलजेट ज्या समूहात होत्या तो समूह घेतला, मेसेजबर्डने स्पार्कपोस्ट घेतली. २०२२ मध्ये पोस्टमार्क ॲक्टिव्हकँपेनकडे गेली. तीन-चार वर्षांत या धंद्यातली बहुतेक ओळखीची नावं मोठ्या घरांत नांदायला गेली. मेलचिंपची फुकट योजना दोन हजार पत्त्यांवरून पाचशेवर आली, सेंडग्रिडची २०२५ मध्ये बंदच झाली. फुकट गेलं म्हणून मी गळा काढत नाही. मला फुकट नकोच होतं. पण फुकटच्या जागी थोड्या पैशांचं काहीतरी यायला हवं होतं, ते आलं नाही. अब्जावधी मोजून घेतलेल्या कंपनीला महिन्याला शंभर रुपये देणारी बाई हिशेबाच्या वहीत दिसत नाही, हे समजू शकते. मग ती वही तुमची आहे, वाचकांची नाही, एवढं तरी मान्य करा.

आणि तुमच्यातले काही जण तर मेल मोजतच नाहीत, यादीतले पत्ते मोजतात. नाव कमी करून गेलेल्यांचे पत्तेसुद्धा, आम्ही ते हाताने काढून टाकेपर्यंत. माझे वाचक वयस्क आहेत. माझ्या यादीतून नाव कमी होण्याची कारणं वेगळी असतात, आणि ती नावं मला लगेच पुसवत नाहीत. त्यांचंही भाडं लावणारा हिशेब मला नको.

अशी पत्रं मेलने पाठवून देणाऱ्या सबस्टॅकवर जा, असंही सांगून झालंय. तिथे पाठवायला काही पडत नाही. वाचकाकडून वर्गणी घेतली तर दहा टक्के त्यांचे. मी आज वर्गणी घेत नाही; पण उद्या घ्यायची म्हटली तर ती स्ट्राइप या पैसे स्वीकारणाऱ्या सेवेतून घ्यावी लागते, आणि स्ट्राइप २०२४ पासून भारतात निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. शिवाय स्वतःच्या जागेत राहण्याचा हट्ट मी एवढ्यासाठी धरला नव्हता की मेल महाग झाली म्हणून बिऱ्हाड हलवावं.

पैसे भरणं हे तर स्वतंत्र प्रकरण. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते करायला ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती लागते. नियम माझ्या भल्याचा आहे, आणि एकदा संमती नोंदली की १५ हजारांपर्यंत दर वेळी ओटीपीही लागत नाही. पण तुमच्यातल्या कित्येकांनी ती नोंदवण्याची सोयच केलेली नाही. मग ठरलेल्या तारखेला कार्ड नाकारलं जातं, खातं थांबतं आणि 'आपण पैसे भरले नाहीत' अशा मेलची रांग लागते. त्या मात्र न चुकता इनबॉक्समध्ये पडतात. एकही कधी स्पॅममध्ये गेलेली नाही.

मला हवंय ते फार नाही. हजार मेलचा एक संच विका, रुपयांत, यूपीआयने पैसे घेऊन. किंमत तुम्हीच ठरवा. ॲमेझॉनच्या दहापट लावलीत तरी ती शंभराच्या आतच येते आणि मी हसत देते. फक्त मेल महिनाअखेर मरू देऊ नका. एखाद्या महिन्यात माझा अंकच निघत नाही, दिवाळीच्या सुमाराला दोन निघतात. संच संपला की मी पुढचा घेईन. हे अशक्य आहे असं म्हणू नका. चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल दहा हजार मेलचं क्रेडिट सुटं विकते, महिन्याचं बंधन नाही, क्रेडिट सहा महिने चालतं. दुर्दैवाने ती सेवा ओटीपी, पावत्या, पासवर्ड अशा एकेकट्या मेलपुरतीच आहे, मासिकं तिथे चालत नाहीत. म्हणजे भारतात बसून सुटी मेल विकण्याची युक्ती कुणालातरी सुचलेली आहे. फक्त माझ्यासारख्यांचं काम त्या यादीत नाही.

आमच्याकडे नियतकालिकांसाठी टपालखात्याची सवलत होती. अंकावर आरएनआयचा, म्हणजे वृत्तपत्र नोंदणीचा, नंबर, टपालाचा नंबर, ठरलेली तारीख, ठरलेलं पोस्ट. एवढं पाळलं की साध्या टपालापेक्षा कितीतरी कमी पैशांत अंक जाई. महाराष्ट्रातली पुष्कळ लहान मासिकं त्या जोरावर तग धरून राहिली. तुम्ही सरकार नाही, म्हणून सवलत मागत नाही. पण वर्गणीदार तीनशे असोत की तीस हजार, तिकीट अंकाला लागे, महिन्याला नव्हे.

हे तुम्हाला जमणार नसेल तर दुसरा विचार आमच्या बाजूने सुरू आहे. माझ्यासारखी मराठी पत्रं काढणारे आणखी काही जण माझ्या ओळखीचे आहेत. एक रत्नागिरीहून पक्ष्यांवर लिहितात, एक नाशिकहून जुन्या स्वयंपाकावर, एक जण गोव्यातून भजनी मंडळांवर. प्रत्येकाचे वाचक पाचशे, आठशे, फार तर बाराशे. सगळ्यांची रड एकच. सांगली जिल्ह्यात राहून सहकार आठवला नाही तर नवल. इथे कारखाना, दूध संघ, बँक, सगळं त्याच वाटेने आलं, आणि त्यातलं काय बुडालं आणि का बुडालं हेही आम्हाला तोंडपाठ आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे संस्था नोंदवायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. दहा जण जमले तर महिन्याला आठ-दहा हजार मेल होतात. तुमची सर्वांत लहान योजना जवळजवळ काठोकाठ भरते, आणि सोळाशेचे माणशी १६० होतात. शिवाय शेजारी कोण आहे हे ठाऊक असतं. कुणाची यादी कशी जमली, कुणी नाटकाच्या मध्यंतरात वहीत पत्ते लिहून घेतले आणि कुणी साहित्य संमेलनाच्या मांडवात, हे आम्ही एकमेकांना विचारू शकतो; चपलावाल्याला विचारू शकत नाही.

अडचण एकच आहे, ती तुमच्या अटींच्या पानावर. सर्वांत लहान योजनेत एकच डोमेन चालेल, असं तुमच्यातल्या काहींनी लिहिलंय. काहींनी खातं दुसऱ्याला वापरू दिल्यास बंद करू, असंही. आमची डोमेन दहा असतील, खातं संस्थेचं एक असेल, आणि यादीची जबाबदारी ज्याची त्याची. तेव्हा नोंदणीच्या खटपटीला लागण्याआधी विचारते: सहकारी संस्थेला दहा डोमेनचं एक खातं तुम्ही सर्वांत लहान योजनेच्या दरात द्याल का? आणि एखाद्या सभासदाविरुद्ध तक्रार आली तर त्याचं डोमेन थांबवाल की दहाही जणांचं?

उत्तर पाठवताना ते 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून पाठवू नका. त्यावर मला आणखी दोन-तीन प्रश्न विचारायचे आहेत.

कळावे,

आपली,
एक लहान खातेदार
सांगली